वाण सुधारतो, माणूसही सुधारावा काय?
मानवी क्षमतावर्धनाविषयी कॅथलिक नीतिविचाराची भूमिका, तिची पार्श्वभूमी आणि तिच्यातील अडचणी

आंबी (ता. मावळ) : तळेगाव दाभाडे मागे टाकून इंद्रायणी ओलांडली की आंबीचे शिवार लागते. महाविद्यालयांचे संकुल, औद्योगिक वसाहत, फुलशेतीची हरितगृहे आणि या सर्वांतून उरलेली भाताची खाचरे असे या परिसराचे आजचे चित्र आहे. मावळातील खाचरांत पिकणाऱ्या सर्वपरिचित तांदळाला नदीचेच नाव मिळाले आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला 'इंद्रायणी' हा वाण १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहराला सुवास होता, पण उतारा कमी. आयआर ८ बुटका आणि भरघोस पीक देणारा, पण सुवासाच्या नावाने शून्य. दोहोंतील हवे ते घ्यावे आणि नको ते टाकावे, हा सुधारित वाणामागचा साधा हिशेब. त्यावर कोणाही धर्मगुरूने आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. घेण्याचे कारणही नव्हते, कारण आनुवंशिकतेचे नियम प्रथम ज्याने मांडले तो ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील मठात राहणारा कॅथलिक संन्यासीच होता. वाटाण्यावरील त्याचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हाच हिशेब माणसाला लावता येईल काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. योगायोग असा, की इंद्रायणी तांदळाच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १९८७ रोजी, व्हॅटिकनने 'डोनम व्हिटे' अर्थात 'जीवनाचे दान' हे निवेदन प्रसिद्ध केले. अपत्य हे दान आहे, उत्पादन नव्हे, हा त्याचा गाभा. उत्पादनाला गुणवत्तेची कसोटी लावता येते आणि कसोटीस न उतरल्यास ते नाकारता येते. दानाला अशी कसोटी लावता येत नाही. जनुकीय संपादन, भ्रूणांची निवड, स्मृती वा एकाग्रता वाढविणारी औषधे, मेंदूत बसविली जाणारी यंत्रे या साऱ्यांविषयीची कॅथलिक भूमिका याच भेदावर उभी आहे.

उपचार आणि वर्धन

रोग्याला त्याचे गेलेले आरोग्य परत मिळवून देणे हा उपचार. निरोगी माणसाला सर्वसाधारण मानवी मर्यादेच्या पलीकडे नेणे हे वर्धन. मोतीबिंदू काढणे हा उपचार झाला; अंधारात पाहू शकेल असा डोळा बसविणे हे वर्धन. कॅथलिक विचारात हा भेद एकाएकी आलेला नाही. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप पायस बारावे यांनी वैद्यकीय शास्त्रज्ञांपुढे बोलताना असे सांगितले, की मनुष्य आपल्या देहाचा निरंकुश मालक नसून त्याचा वापर करण्याचा अधिकारी आहे. संपूर्ण देहाच्या हितासाठी एखाद्या अवयवाचा त्याग करता येतो, पण हा अधिकार अमर्याद नाही. गँगरीन झालेला पाय कापता येतो तो याच तत्त्वाने.

पुढे २९ ऑक्टोबर १९८३ रोजी जागतिक वैद्यक संघटनेच्या प्रतिनिधींसमोर पोप जॉन पॉल दुसरे यांनी जनुकीय हस्तक्षेपाचा प्रश्न थेट हाताळला. या भाषणाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. चर्च म्हणजे सरसकट नकार, अशी समजूत असणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे. रोग दूर करण्यासाठी केलेला हस्तक्षेप तत्त्वतः इष्टच आहे, असे त्यांनी म्हटले. एवढ्यावर न थांबता, उपचाराच्या काटेकोर व्याख्येत न बसणाऱ्या, मानवाची जैविक स्थिती सुधारू पाहणाऱ्या हस्तक्षेपाचाही त्यांनी विचार केला आणि दार पूर्णपणे बंद केले नाही. अटी मात्र कडक घातल्या. माणसाची मूलभूत प्रतिष्ठा व सर्व मानवांची समान जैविक प्रकृती अबाधित राहिली पाहिजे, आणि आनुवंशिक वारशात फेरफार करून माणसांचे निरनिराळे गट निर्माण होता कामा नयेत, कारण त्यातून समाजात नवे बहिष्कृत जन्माला येतील.

'नवे बहिष्कृत' ही कल्पना भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. जन्माने माणसाची पायरी ठरविण्याचा अनुभव आपल्या समाजाच्या गाठीशी आहे. ती पायरी प्रयोगशाळेत पेशींमध्ये कोरून ठेवता आली तर काय होईल, एवढाच प्रश्न उरतो.

सन २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशविज्ञान आयोगाने आणि डिसेंबर २००८ मध्ये 'डिग्निटास पर्सोने' अर्थात 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या निवेदनाने ही भूमिका अधिक नेमकी केली. आयोगाचे म्हणणे असे, की मनुष्याचे आत्मिक तत्त्व मानवी हातांनी घडविलेले नसल्याने जनुके बदलून नवी आत्मिक शक्ती असलेला अतिमानव तयार करण्याची कल्पनाच असंभव आहे. 'डिग्निटास पर्सोने'चा युक्तिवाद अधिक ऐहिक आहे, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते अधिक प्रभावीही. वर्धनासाठी निवडले जाणारे गुण कोणते, तर त्या काळात, त्या समाजात ज्यांची चलती असेल ते. गोरा वर्ण, उंची, गणितातील गती यांना आज भाव आहे. पण माणसाचे माणूसपण त्यांत नाही. हे गुण ज्यांच्याकडे नसतील ते कमअस्सल ठरतील आणि एकाची इच्छा दुसऱ्याच्या जन्मावर हुकूम गाजवील, असे हे निवेदन बजावते.

फडके, कर्वे आणि सुप्रजाशास्त्र

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. ना. सी. फडके यांना मराठी वाचक कादंबरीकार म्हणून ओळखतो; परंतु त्यांनी १९२७ मध्ये संततिनियमन आणि सुप्रजाशास्त्र यांची बाजू मांडणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि त्याला अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. सुदृढांची संतती वाढावी, दुर्बलांची कमी व्हावी, हा विचार त्या काळी पुरोगामी समजला जात असे. आजच्या चष्म्यातून त्या पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. कर्व्यांच्या कार्याचा मोठा भाग स्त्रीच्या स्वातंत्र्याशी निगडित होता, सुप्रजाशास्त्राशी नव्हे.

युरोपात याच विचाराने पुढे कोणते वळण घेतले ते सर्वज्ञात आहे. पोप पायस अकरावे यांनी ३१ डिसेंबर १९३० रोजी काढलेल्या 'कास्टी कोनुबी' या परिपत्रकात सुप्रजाशास्त्राच्या नावाखाली होणाऱ्या सक्तीच्या नसबंदीला विरोध केला. जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला तो १४ जुलै १९३३ रोजी. ऑगस्ट १९४१ मध्ये म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी मनोरुग्णांच्या सरकारी हत्येविरुद्ध व्यासपीठावरून जाहीर प्रवचन दिले. अर्थात चर्चच्या अनुयायांचा इतिहास निष्कलंक नाही. १९२० च्या दशकात काही जर्मन कॅथलिक विद्वान नसबंदीला अनुकूल लिहीत होते, हेही नोंदविले पाहिजे.

या कथेतील सर्वांत लक्षणीय मराठी व्यक्ती मात्र ना धर्मगुरू होती ना प्रचारक. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र, आनुवंशिकता व सुप्रजाशास्त्राला वाहिलेल्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या ठेवणीतील असमानतेचा वंशाशी संबंध जोडण्याचा मार्गदर्शकांचा कल असताना, मोजमापांतून तसे काही सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात नोंदविला. गुरूच्या देशात, गुरूच्या संस्थेत राहून असे लिहिण्यास धैर्य लागते.

हवे ते अपत्य: महाराष्ट्राचा हिशेब

अपत्याच्या गुणनिवडीची चर्चा सर्वसाधारणपणे भविष्यकाळात केली जाते. महाराष्ट्रात ती भूतकाळात करता येते. सोनोग्राफी आणि गर्भजल परीक्षा ही मुळात रोगनिदानाची साधने. त्यांचा वापर 'हवे ते' अपत्य निवडण्यासाठी सुरू झाला तेव्हा त्यास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीचाही त्यात समावेश झाला तो २००३ मधील दुरुस्तीने. त्या दुरुस्तीमागे मुंबईतील 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका होती. तरीही राज्यातील शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरतच गेली.

आपल्या अपत्याचे लिंग ठरविणे हा खासगी जीवनाचा हक्क आहे, असा दावा एका दाम्पत्याने मुंबई उच्च न्यायालयात केला होता. न्यायालयाने २००५ मध्ये तो फेटाळला. 'पालकांची निवड' या शब्दांत जे आकर्षण आहे ते किती फसवे ठरू शकते, हे या आकड्यांवरून कळते. येथे कोणी सक्ती केली नव्हती. लाखो कुटुंबांनी आपापल्या घरात, आपापल्या इच्छेने निर्णय घेतले आणि त्यांची बेरीज अशी झाली.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात लिंग वा पूर्वनिश्चित गुणांनुसार माणसे निवडून निर्माण करण्याचा निषेध एकाच वाक्यात येतो. युरोपातील वाचकाला लिंगनिवड आणि गुणनिवड यांची ही जोडी काहीशी विसंगत वाटली असेल. येथे ती वाटू नये. मात्र एक फरक लक्षात घ्यावा लागेल. लिंगनिवडीविरुद्ध लढणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्री-संघटना गर्भपाताचा कायदेशीर हक्क सोडण्यास तयार नाहीत. चर्च दोन्ही नाकारते. निष्कर्ष एक असला तरी त्यामागची कारणे एक नाहीत.

लोणावळ्यातील दोन संस्था

माणसाने स्वतःला घडविण्याचा, देह-मनाची शक्ती वाढविण्याचा विचार मावळात जनुकांच्या कितीतरी आधी आला. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी 'कैवल्यधाम' स्थापन केले आणि योगाभ्यासाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहिले. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्याच वर्षीचे. याच गावात जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांची 'साधना' ही संस्था पुण्याहून आली. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेल्या डिमेलो यांनी श्वासावरील लक्ष, देहाची जाणीव यांसारख्या पूर्वेकडील पद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत आणल्या. देशविदेशातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी त्यासाठी लोणावळ्यात येत. १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र काढले. योग, झेन आदी पद्धतींचा उपयोग ते अमान्य करीत नाही. देहाची स्थिती, श्वास यांचे साहाय्य होऊ शकते, असेच ते म्हणते. पण तंत्र आत्मसात केले की ईश्वराची भेट हमखास होते, असे मानणे ही चूक आहे, असा त्याचा इशारा आहे. त्याच विभागाने २४ जून १९९८ रोजी डिमेलो यांच्या लेखनाविषयीही सूचना काढली. तिचा रोख तंत्रावर नव्हता, ईश्वर आणि ख्रिस्त यांविषयीच्या त्यांच्या उत्तरकालीन मांडणीवर होता. भारतातील अनेक कॅथलिकांना ती सूचना जिव्हारी लागली. त्यांची पुस्तके आजही वाचली जातात.

या साऱ्याचा जनुकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९८७ चे 'डोनम व्हिटे', १९८९ चे पत्र आणि १९९८ ची सूचना या तिन्हींवर कार्डिनल योसेफ रात्सिंगर यांची सही आहे, आणि २००८ चे 'डिग्निटास पर्सोने' त्यांनीच पोप बेनेडिक्ट सोळावे या नात्याने मंजूर केले. भ्रूणाचा विषय असो वा ध्यानाचा, माणसाची पूर्णता तंत्राने हस्तगत होत नाही, हा एकच धागा या कागदपत्रांतून जातो. आसनाने पाठ सरळ होते, औषधाने ताप उतरतो. पण चांगला माणूस कोणत्याही कृतीने 'बनविता' येत नाही, असा हा विचार आहे. मान्य असो वा नसो, तो सुसंगत आहे.

चर्चमधील सर्वच विचारवंत या सुरात बोलले असे मात्र नाही. जेझुइट ईशविज्ञानी कार्ल राहनर यांनी १९६० च्या दशकात असे मांडले, की स्वतःला घडविणे हा मनुष्यस्वभावाचाच भाग आहे, त्याची भीती बाळगू नये. जनुकीय हेराफेरीबाबत मात्र त्यांनीही हात आखडता घेतला. 'ट्रान्सह्यूमॅनिझम' या शब्दाला १९५७ च्या निबंधाने प्रतिष्ठा देणारे ज्युलियन हक्सली निरीश्वरवादी होते, पण उत्क्रांतीत ईश्वर पाहणाऱ्या तेयार द शार्दां या जेझुइट शास्त्रज्ञाच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराला प्रस्तावना त्यांचीच आहे.

विरुद्ध बाजू

या भूमिकेला समर्थ विरोधक आहेत. शक्य असलेल्या अपत्यांपैकी ज्याचे आयुष्य सर्वोत्तम होण्याची शक्यता आहे ते निवडणे हे पालकांचे कर्तव्यच आहे, असा युक्तिवाद तत्त्वज्ञ ज्युलियन सावुलेस्कू यांनी २००१ मध्ये केला. चांगली शाळा, शिकवणी, पौष्टिक आहार यांनी आपण मुलांचे वर्धनच करतो. मग जनुकांपाशी येऊनच का अडावे, हा त्यांच्या पक्षाचा बिनतोड वाटणारा प्रश्न. त्याला उत्तर दिले ते एका धर्मनिरपेक्ष तत्त्वज्ञाने. युर्गेन हाबरमास यांचे म्हणणे, की शिकवणीविरुद्ध मूल बंड करू शकते, दुसऱ्याने लिहिलेल्या जनुकांविरुद्ध नाही. जानेवारी २००४ मध्ये म्युनिक येथे हाबरमास आणि रात्सिंगर एका व्यासपीठावर आले, ते धर्म आणि विवेक या व्यापक विषयावर.

उपचार आणि वर्धन यांतील सीमारेषा पुसट आहे, हा आक्षेप अधिक अवघड. लस टोचून घेणे म्हणजे निरोगी शरीराला नसलेली शक्ती देणेच होय, आणि चर्च लसीकरणास विरोध करीत नाही. वार्धक्य हा रोग मानावा की अवस्था? परीक्षेच्या आदल्या रात्री एकाग्रतेची गोळी घेणारा विद्यार्थी रोगी आहे काय? खेळातील उत्तेजकांबाबत व्हॅटिकनने जून २०१८ च्या क्रीडाविषयक दस्तऐवजात स्पष्ट विरोध नोंदविला. पण रोजच्या आयुष्यातील स्पर्धेला खेळासारखे लिखित नियम नसतात.

जेथे भूमिका बोचते

कॅथलिक कुटुंबांना या शिकवणुकीची झळ अतिमानवाच्या चर्चेत लागत नाही, वंध्यत्वाच्या दवाखान्यात लागते. गर्भधारणा पतिपत्नींच्या मीलनातूनच झाली पाहिजे, या तत्त्वामुळे चर्चला टेस्टट्यूब बेबीचे तंत्र विवाहित दाम्पत्यासाठीही अमान्य आहे. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन ही पहिली टेस्टट्यूब बालिका इंग्लंडमध्ये जन्मली, तेव्हा कार्डिनल अल्बिनो लुचियानी यांनी तिला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आईवडिलांना दोष देण्याचे टाळले. महिनाभरातच ते पोप जॉन पॉल पहिले झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी बालिका जन्मली, आणि पुढील वर्षी 'डोनम व्हिटे'ने नकार अधिकृतपणे नोंदविला. अशा प्रकारे जन्मलेल्या अपत्याचे मात्र प्रेमानेच स्वागत झाले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. मूल नसलेल्या दाम्पत्याला हे उत्तर पुरेसे वाटत नसेल तर त्यात नवल नाही.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. जनुकीय कात्रीचा वापर करणारी 'कॅसगेव्ही' ही उपचारपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व पुढच्या महिन्यात अमेरिकेने मान्य केली. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून त्यांत बदल करून परत सोडल्या जातात. बदल पुढील पिढीत जात नाही. अशा उपचाराला कॅथलिक नीतितत्त्वांची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती पैशाची, कारण तिची अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. हाच दोष भ्रूणातच दुरुस्त करून पिढ्यान् पिढ्यांतून हद्दपार करणे मात्र 'डिग्निटास पर्सोने'ला सध्याच्या स्थितीत मान्य नाही, कारण त्यातील धोके अनिश्चित आहेत आणि त्यासाठी भ्रूण प्रयोगशाळेत तयार करावे लागतात.

या बाबतीत भारतीय कायदा आणि चर्च यांची वाट काही अंतर एकत्र जाते. पुढील पिढीत उतरणाऱ्या जनुकीय बदलांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. चीनमध्ये हे जियानक्वी या संशोधकाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जनुकसंपादित जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यास तीन वर्षांचा तुरुंगवास झाला. आपल्याकडील २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार गर्भाशयात सोडण्यापूर्वी भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ ज्ञात आनुवंशिक रोगांसाठीच करता येते. बुद्धी, वर्ण वा उंचीसाठी नाही.

येथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. तपासणीत एक भ्रूण निवडला की बाकीचे उरतात, आणि ते अतिशीत नळ्यांत साठविले जातात. भारतीय कायद्याने त्यांना मुदत घातली आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवावेत आणि त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा संबंधित दाम्पत्याच्या संमतीने संशोधनासाठी द्यावेत. 'डिग्निटास पर्सोने'ने या गोठविलेल्या भ्रूणांचा विचार केला आहे. संशोधनासाठी वापर, वितळवून नाश, वंध्य दाम्पत्यांना देणे, एवढेच नव्हे तर दत्तक घेण्याची सदिच्छाही तपासून पाहून, या अन्यायातून नीतीला धरून बाहेर पडण्याचा मार्ग दिसत नाही, अशी कबुली त्या निवेदनाने दिली आहे.